डोंगर बंद असताना

३ मे

ही डायरी बँकेने फुकट दिली. दर पानावर डोंगर, डोंगरावर ऊन, उन्हात एक गाय. जानेवारीपासून कोरी पडली होती, कारण इथे लिहिण्यासारखं काही घडतच नाही. आधी बर्फ, मग चिखल, मग टुरिस्ट, मग परत बर्फ. स्वित्झर्लंड म्हणे! चित्रातच बघावं.

आता लिहायला घेतलंय कारण मारीसा येतेय. शनिवारी, दहा दिवसांसाठी. फोनवर म्हणाली, "तू कसा राहतोस ते बघीन, मग सांगीन." म्हणजे लग्न करून इकडे यायचं की नाही ते. नाही म्हणाली तर तिकडे आमच्या पोर्तुगालात तिची धर्मआई टपूनच बसलीय. चीजचा कारखाना, तीनशे मेंढ्या आणि मेंढ्यांच्याच तोंडवळ्याचा एक भाचा. मारीसा कारखान्यात राहिली की कारखाना तिचा, आणि भाचा वर फुकट.

तेव्हा दहा दिवसांत हो म्हणवून घ्यायचं. दुसरं काही नाही.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, डायरी कुणी वाचत नाही म्हणून. मागच्या ऑगस्टमध्ये गावी गेलो होतो तेव्हा मी सांगून बसलो की मी इथे रोपवे चालवतो. गणवेश, बटणं, माझ्या एका बोटावर ऐंशी माणसं डोंगरावर. खरं म्हणजे थंडीत मी रोपवेच्या डब्यांच्या काचा पुसतो आणि आत्ता, तपासणीच्या दिवसांत, खांबांवर चढून कप्प्यांना ग्रीस लावतो. पण आमच्या गावात ऑगस्टमध्ये परदेशातून आलेला प्रत्येक जण साहेबच असतो. मी एकट्याने खरं बोलून काय दिवे लावणार होतो?

म्हणून तिला मे महिन्यात बोलावलं. रोपवे बंद, हॉटेलं बंद, अख्खा डोंगर दुरुस्तीला काढलेला. चालवणारा कोण आणि पुसणारा कोण, कुणाला कळणार? माझ्या डोक्याला तोड नाही. शाळेत मास्तरांना ते कळलं नाही, हा मास्तरांचा दोष.

९ मे

आली. पाऊस घेऊन आली. धर्मआईचा जुना रेनकोट, टाचेपर्यंत, आणि पाठीवरच्या पिशवीत फडक्यात बांधलेलं अख्खं चीज. चीजच्या देशात चीज घेऊन येणारी ही पहिलीच असेल. मी म्हटलं, "अगं, इथे काय मिळत नाही?"

"तुझ्यासाठी नाहीये ते. घरमालकिणीसाठी आहे. पाहुणी रिकाम्या हाताने जाते का कुठे?"

घरमालकीण म्हणजे फ्राउ त्स्ग्राग्गन, फ्राउ म्हणजे बाई. हे नाव घ्यायचं तर आधी घसा खाकरावा लागतो. दोन वर्षं तिच्या घरात वरच्या खोलीत राहतोय. बोलणं एवढंच : बूट दाराबाहेर, कपडे धुवायला ज्याचा त्याचा वार, रविवारी आवाज नाही. मारीसाने चीज पुढे केलं तर म्हातारीने ते नाकाशी नेलं, मग मारीसाचा हात धरून आत घेऊन गेली. मी जिन्यात उभा. मग दोघींचा हसण्याचा आवाज.

वर आल्यावर मारीसा म्हणाली, "बाई छान आहेत. माहेर इटालियन बोलणाऱ्या भागातलं आहे त्यांचं. हळू बोलल्या की मला सगळं कळतं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला."

"तुला पाच मिनिटांत सांगितलं?"

"मी विचारलं म्हणून. तू विचारलं नव्हतंस?"

मला काय करायचंय म्हातारीच्या नवऱ्याशी.

१० मे

सरोवर दाखवलं. म्हणजे सरोवर जिथे असतं तिथे नेलं. बोटीवर आम्ही दोघं, एक डच नवराबायको एकसारख्या पिवळ्या कोटांत, आणि एक चिनी म्हातारा झोपलेला. खाली पाणी, वर पाणी, मधे बोट. भोंग्यातून बाई सांगत होती, डाव्या हाताला अमुक शिखर, उजव्या हाताला तमुक शिखर. डच माणूस दोन्ही बाजूंना धावून राखाडी रंगाचे फोटो काढत होता. पैसे देऊन भिजायला येतात ही माणसं. घरी नळाखाली बसता येत नाही?

मी मारीसाला म्हटलं, "ऊन असतं ना, तर वेडी झाली असतीस."

"अरे, डोंगर मी कमी बघितलेत का? डोंगरातच जन्मले. मी तुला बघायला आलेय."

"मग बघ की."

"बघतेय," म्हणाली, आणि खरंच बघत बसली. बायकांना निसर्गाची कदर नसते.

१२ मे

पाऊस. धबधब्याची वाट दरड कोसळल्यामुळे बंद. दोर बांधून त्यावर पाटी लावलीय, चार भाषांत. बसच्या शेडमध्ये बसून पाव खाल्ला. आजपासून बर्फाळ संतांचे दिवस लागले, असं इथले लोक म्हणतात. चार दिवस ओळीने एकेका संताचा, शेवटच्या दिवशी थंड सोफी. ती जाईपर्यंत कुणी बागेत रोप लावत नाही. एवढी घड्याळं बनवतात, पण पेरणी संतांना विचारून.

मी मारीसाला नॉर्वेचं सांगितलं. तिकडे माशांच्या कारखान्यात दुप्पट मिळतं, इथल्यासारखी नाकाने कांदे सोलणारी माणसं नाहीत. हिवाळ्याआधी जाऊन बघणार.

ती पावाचे तुकडे चिमण्यांना टाकत म्हणाली, "चार वर्षांत किती ठिकाणी राहिलास तू?"

मी मोजलं. द्राक्षमळा, तिथला मालक चिक्कू. मग गोदाम, तिथला मुकादम मूर्ख. मग दोन हॉटेलं, दोन्हीकडचे आचारी दारुडे. मग रस्त्याचं काम, तिथे सगळेच. मग हे.

"म्हणजे सहा. आणि सहाही ठिकाणी माणसं वाईट निघाली?"

"हो ना! नशीब माझं."

त्यानंतर तिने उरलेला पाव सगळाच चिमण्यांना टाकला आणि डोळे मिटून बसली. प्रवासाचा शीण अजून गेला नसावा.

१३ मे

काहीच उघडं नाही म्हणून गावच्या डेअरीत नेलं. तिथे निदान ऊब असते. डेअरी आलोइस गिस्लरची. हा आमच्या मुकादमाचा, कास्पार गिस्लरचा, धाकटा भाऊ. उन्हाळ्यात गाई घेऊन वरच्या कुरणावर जातो, तिथेच शंभर दिवस चीज बनवतो. दोघे भाऊ एकाच साच्यातून काढलेले : मान नाही, डोकं थेट खांद्यावर.

तांब्याच्या मोठ्या कढईत दूध विरजलेलं होतं. आलोइसने तोंडातल्या पाइपने लांबून बघा अशी खूण केली. टुरिस्टांना ती तशीच करतात. मारीसाने काय करावं? बाह्या वर केल्या, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. बुडवू का? तो हो म्हणाला. तिने हात घातला, दही बोटांत धरून दाबलं, सोडलं, परत दाबलं. मान हलवली. अजून नाही. आलोइसने घड्याळ बघितलं आणि तोंडातला पाइप काढला. दोन वर्षांत त्याच्या तोंडातून पाइप निघालेला मी बघितला नव्हता.

मला लाज वाटली. फिरायला आणलेली मुलगी, आणि कोपरापर्यंत दुधात.

आलोइसने तिचा हात हातात घेऊन बघितला, मला म्हणाला, "थंड हात आहेत. असे हात मिळत नाहीत."

ते खरं आहे. आमच्याकडेही चीजला थंड हाताची बाईच लागते, गरम हाताने ते बिघडतं. हिवाळ्यात तिने गळ्याला हात लावला की मी किंचाळतो.

मग आलोइस म्हणाला, "माझ्याकडची चीजवाली मार्चमध्ये पाय मोडून बसली. वर जायला तीन आठवडे राहिले. हिला विचार, उन्हाळा मोकळा आहे का?"

मारीसाने विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "म्हणतोय, पाऊस शुक्रवारपर्यंत थांबेल."

काय चुकलं माझं? तिला मी बायको करून आणणार, गाईंच्या मागे शेण काढायला नाही. वर ना वीज ना रस्ता. आणि ती वर, मी खाली, हा कसला संसार? आलोइसला मी सांगितलं, ती विचार करून सांगेल. दोन्ही बाजू खूश. मला राजदूत करायला हवं होतं.

१५ मे

थंड सोफी. सकाळपासून पावसात बर्फ. आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण राग कुठे तरी उतरायला हवा.

मारीसा म्हणाली, "आज मला तुझी बटणं बघायचीत."

"बंद आहे सगळं. सांगितलं ना."

"बंद खोली बघीन. तू कुठे उभा राहतोस तेवढंच."

तीन दिवस टाळलं होतं. आज ती धर्मआईचा रेनकोट चढवून चालायलाच लागली. मला वाटलं, स्टेशनला कुलूप असेल, काचेतून दाखवू. पण माझ्या शहाण्या डोक्यातून एक गोष्ट निसटली होती. मोसमात सगळे वर असतात, चालक तर ढगात. तपासणीच्या दिवसांत सगळेच्या सगळे खाली, एकाच शेडमध्ये, भगव्या डगल्यांत, गळ्यापर्यंत तेल माखलेले. चालकसुद्धा. रोपवे बंद असतो तेव्हाच तिथे सगळी माणसं सापडतात. आणि मी नेमकी तीच वेळ निवडली. हात दाखवून अवलक्षण!

मुकादम गिस्लर एक कप्पी मांडीवर घेऊन पुसत होता, पोर पुसावं तशी. मला बघून म्हणाला, "काय रे, रजेतसुद्धा करमत नाही?"

मी त्याला डोळ्याने खुणावलं. त्याच्या ध्यानात काय डोंबल येणार! त्याने हात पुसले, मारीसाला हात दिला आणि इटालियनमध्ये सुरू झाला. याला इटालियन येतं हे मला कुठे ठाऊक होतं? माझ्याशी तो दोन वर्षं जर्मनमध्ये फक्त "वर" आणि "खाली" बोललाय.

त्याचं बोलणं मलाही कळलं, दुर्दैवाने. म्हणाला, "हा माझा सगळ्यात चांगला ग्रीसवाला. बारा नंबरच्या खांबावर वाऱ्यात कुणी चढत नाही, हा चढतो. आणि थंडीत डबे असे पुसतो की काच आहे की नाही कळत नाही. मागे एक जर्मन बाई कपाळ आपटून घेऊन गेली."

शेडमधले सगळे हसले. ज्याची बटणं मी माझी म्हणून सांगितली होती तो चालक, फ्लोरियन, तोही हसला आणि त्याने मारीसाला चहा दिला. ती ग्रीसच्या डब्यावर बसून चहा प्यायली. विचारलं, "बारा नंबरचा खांब किती उंच आहे?" मुकादम म्हणाला, "अठ्ठेचाळीस मीटर." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हं."

एवढंच. हं.

परतीच्या वाटेवर मी दहा पावलं पुढे चालत होतो. चारचौघांत, होणाऱ्या बायकोसमोर माणसाचे कपडे उतरवायचे आणि वर तोंडभर हसायचं! कौतुक म्हणे. कौतुक असलं तर माझ्या तोंडावर का नाही केलं दोन वर्षं?

तिला घरी सोडून मी परत गेलो. मुकादमाला म्हटलं, "उद्यापासून मी नाही. तुमचा दोर, तुमचा खांब, तुमचं ग्रीस तुम्हालाच लखलाभ. मी नॉर्वेला चाललो."

त्याने दाराबाहेर नजर टाकली. मग म्हणाला, "बर्फ वाढतंय. टोपी घाल," आणि परत कप्पी मांडीवर घेतली. दगड. या लोकांना शिवीसुद्धा लागत नाही.

१६ मे

सकाळी मारीसा खाली धुलाईच्या खोलीत म्हातारीबरोबर चादरी पिळत होती. आज वार म्हातारीचा, तरी हिचे कपडे तिने आपल्या कपड्यांत टाकून घेतले. माझा एक मोजा दोन वर्षांत घेतला नाही. वर आली ती हात पुसत, आणि म्हणाली, "एल्देर, मी राहतेय."

मी उडीच मारली. तिला उचललं. मनात म्हटलं, बघ मुकादमा! बघ धर्मआई!

"थांब, खाली ठेव आधी. तुझ्याकडे राहत नाहीये. आलोइसच्या कुरणावर जातेय, शंभर दिवस. उन्हाळा मोकळा आहे का असं त्याने मला विचारलं होतं म्हणे बुधवारी."

मी गादीवरची सुरकुती सरळ करायला लागलो.

"पाऊस शुक्रवारपर्यंत थांबणार होता ना? आज शनिवार आहे. बघ बाहेर."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी. त्यांना आलोइसने. एवढंसं गाव आहे, माणसं एकमेकांशी बोलतात. तूही बोलून बघ कधी." मग जवळ बसली. "आणि ते बटणांचं मला नाताळपासून माहितेय."

"नाताळपासून?"

"तू आला होतास तेव्हा तुझ्या कोटाला, केसांना, सगळ्याला साबणाचा वास. चालकाला कशाला येईल? मी वाट बघत होते, तू कधी सांगतोस. इथे सात दिवस वाट बघितली. काल दुसऱ्याकडून ऐकायला लागलं, तेही चांगलंच ऐकायला लागलं, आणि तू तोंड असं केलंस की जशी तुझी चोरीच सापडली."

"ग्रीसवाल्याशी लग्न करशील तू?"

"अठ्ठेचाळीस मीटरवर चढणाऱ्याशी करीन. पळणाऱ्याशी नाही." बोटांवर मोजत म्हणाली, "सोमवारी मी घरी जाते, धर्मआईच्या तोंडावर सांगते, सहा जूनला परत येते आणि गाईंबरोबर वर जाते. सप्टेंबरमध्ये खाली येईन. तेव्हा तू इथे असायचास. याच गावात, याच कामावर. त्या फ्लोरियनला, मुकादमाला, बाईंना नावाने हाक मारत. असलास तर लग्न. नसलास तर मी माझं चीज घेऊन माझ्या गावी. कळलं?"

मी कळलं म्हटलं.

नोकरी मी कालच सोडलीय. हे तिला सांगितलेलं नाही. सांगणार होतो. पण ती इतकी छान बसली होती.

१७ मे

रविवार. पाऊस. पूर्ण गाव मेल्यासारखं.

मुकादमाकडे जायचं ठरवलं. पाय धरायला नाही, नुसतं विचारायला. घरी गेलो तर बायको म्हणाली, खानावळीत. म्हणजे प्रार्थना सुटल्यावरचा पत्त्यांचा डाव. तिथे गेलो. एका टेबलावर चौघे : मुकादम, आलोइस, फ्लोरियन आणि पोस्टमन. निवांतपणे चाललंय. पानं टेबलावर अशी आपटतात की माश्या मराव्यात.

मी टोपी काढून उभा. कुणी बघेना. डाव संपेपर्यंत इथे देव आला तरी थांबवतात. दहा मिनिटं तरी उभा होतो. तेवढ्यात दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

शेवटी मुकादमाने पानं गोळा केली. "काय?"

मी अगदी साहेब लावून म्हटलं, "हेर गिस्लर, मी परवा जे बोललो..."

"काय बोललास?"

"सोडतो म्हणून."

"मला काही मिळालं नाही." त्याने भावाला विचारलं, "तुला मिळालं?" आलोइसने पाइप काढला, "नाही बुवा." पोस्टमनला विचारलं. पोस्टमन म्हणाला, "माझ्या हातून तरी काही गेलं नाही."

"आमच्या कंपनीत राजीनामा लेखी द्यावा लागतो," मुकादम म्हणाला. "जर्मनमध्ये. दोन प्रती."

"मला जर्मन लिहिता येत नाही."

"मग शीक. शिकेपर्यंत कामावर ये. सोमवारी सात वाजता."

चौघेही हसले. गुरं पाण्यावर हंबरतात तसे. मी म्हटलं, "सोमवारी माझी रजा आहे. आठच्या गाडीने मारीसा जाणार, तिला पोचवायचंय."

"नोकरी सोडली होतीस ना? तिच्याबरोबर रजाही सुटली. नोकरी परत हवी तर सातला ये. रजा हवी तर रजा घे." आता तो हसत नव्हता. "बाराच्या वरच्या कप्प्या राहिल्यात. तू नव्हतास. दुसरं कुणी चढत नाही."

मी म्हटलं, "येतो, हेर गिस्लर."

"कास्पार," तो म्हणाला आणि पानं वाटायला लागला.

घरी येऊन मारीसाला सगळं सांगितलं. सोडल्याचंही. मला वाटलं, आता रेनकोट उचलून निघेल. तिने फक्त विचारलं, "हे तू मला स्वतःहून सांगितलंस की मला कुठून तरी कळलं असतं म्हणून?"

मी खरं तेच सांगितलं : "माहीत नाही."

"बरं," म्हणाली. "बूट वाळत घाल. उद्या सातला लागतील."

१८ मे

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा ती केस विंचरत होती. म्हणाली, "जा आता. उशीर करू नकोस." गळ्याला हात लावला. किंचाळलो.

पाऊस बारीक. बारा नंबरवर वारा होताच. वर पोचलो तेव्हा आठला पाच कमी. खाली रेल्वे स्टेशन आगपेटीएवढं. फलाटावर दोन छत्र्या. एकीखाली टाचेपर्यंतचा रेनकोट, दुसरीखाली फ्राउ त्स्ग्राग्गन. म्हातारीच्या हातात पिशवी. मारीसाची पिशवी दुसऱ्याने धरायची हे मला खरं म्हणजे आवडलं नाही.

लाल गाडी आली, थांबली, गेली. गाडीत चढायच्या आधी रेनकोट माझ्याकडे वळलेला दिसला. छत्री वर खाली झाली, बराच वेळ.

मी हात हलवला नाही. एका हातात ग्रीसचा डबा होता, आणि खांबावर दुसरा हात सोडायचा नाही, हा कास्पारचा नियम आहे. मूर्खासारखा नियम. पाळला.